डिझेल मागं पळतंय

गाडी सुरू व्हायला त्रास देतेय हे माझ्या लक्षात आलं ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. शाळा गारगोटीला आणि घर कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला. सहाच्या आत घर सोडलं तरच प्रार्थनेला पोचता येतं. त्या दिवशी चावी फिरवली, हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला, मी सेल्फ मारला. इंजिन नुसतंच फिरत राहिलं. पेट घेईना. थांबले, पुन्हा मारला. असं सातआठ वेळा झाल्यावर गाडी एकदाची सुरू झाली आणि मागून पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की शेजारच्या वहिनींनी दोरीवरचे कपडे ओढून घेतले.

गाडी सतरा वर्षांची, डिझेलवरची. पंधरा वर्षं झाल्यावर नवं पासिंग करून घेतलेली. तशी ती माझी नाहीच, माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणते. मामांचं सगळं आयुष्य डिझेल इंजिनात गेलं. आधी शिरोली एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये, मग तिथंच भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम. ट्रॅक्टर, जनरेटर, विहिरीवरची इंजिनं, जे येईल ते. लोक सांगत, हा माणूस इंजिन उघडायच्या आधी नुसता शेजारी उभा राहतो आणि काय बिघडलंय ते सांगतो. त्याच आवाजांनी त्यांचे कान नेले. साठीत थोडं कमी ऐकू यायला लागलं आणि सत्तरी ओलांडेपर्यंत जवळजवळ काहीच राहिलं नाही. माझ्या नवऱ्यानं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते त्यांनी चार दिवस घातलं. सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं म्हणाले आणि ठेवून दिलं.

नवऱ्याची बदली सांगलीला झालेली. तो शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात शिकत होती. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि मामा. चोवीस वर्षं एका घरात राहून आमचं बोलणं किती, तर जेवायला वाढू का आणि औषध घेतलं का, एवढंच. आमच्यात वाईटपणा काही नव्हता, पण विषयही नव्हता. संध्याकाळी ते टीव्ही लावून बसत, आवाज बंद करून, आणि खालून सरकणाऱ्या बातम्या वाचत. मी आत वह्या तपासत बसे. घर इतकं शांत असे की फ्रिज सुरू झालेला कळे.

गाडी मी शिकले तीही उशिरा, सेहेचाळिसाव्या वर्षी. गारगोटीला बदली झाल्यावर दोन वर्षं एसटीनं गेले. मग एका सुट्टीत ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि मामांची गाडी काढली. ते काही बोलले नाहीत. दीड वर्ष मी ती रोज चालवत होते, आणि तेवढ्या काळात मामांनी एकदाही बॉनेट उघडलं नव्हतं. पूर्वी दर रविवारी गाडी पुसल्याशिवाय आंघोळ न करणारा हा माणूस. मी मनात ठरवून टाकलं होतं की सुनेनं गाडी घेतलेली त्यांना आवडलेली नाही. विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तरी ओरडून विचारावं लागलं असतं, आणि असल्या गोष्टी ओरडून विचारता येत नाहीत.

डिसेंबर लागला आणि त्रास वाढला. जवळच्या गॅरेजवाल्यानं बॅटरी गेली म्हणून नवी घातली. इंजिन जोरात फिरायला लागलं, सुरू मात्र पूर्वीइतक्याच वेळानं व्हायचं. दुसऱ्यानं बॉनेटखाली डोकं घातलं, पाच मिनिटांत बाहेर काढलं आणि डिझेलपंप उतरवून पाठवावा लागेल म्हणाला, पंधरा दिवस गाडी सोडा. माझ्याबरोबर येणाऱ्या दोघी शिक्षिका बिचाऱ्या पुन्हा एसटीनं जायला लागल्या. नवरा फोनवर म्हणाला, विकून टाकू, जुनी झाली. मी हो म्हटलं खरं, पण मनातून मला ते नको होतं. घर आणि शाळा यांच्यामधला तो सव्वा तास घराचाही नव्हता आणि शाळेचाही, तो माझा होता. तो कुणाला दिसत नव्हता, म्हणून तो जाणार हेही कुणाला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अशीच सेल्फ मारत बसले होते. मामा व्हरांड्यात चहा पीत होते. त्यांना ऐकू काही येत नव्हतं, पण गाडी थरथरतेय, थांबतेय, पुन्हा थरथरतेय, हे दिसत होतं. त्यांनी कप खाली ठेवला, पायऱ्या उतरून आले आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"थांब," ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, तो गल्लीला ऐकू गेला असणार. "मी बोट वर केलं की मार."

त्यांनी बोट वर केलं. मी सेल्फ मारला. ते डोळे मिटून उभे होते, हात बॉनेटवर. मग मला पुन्हा मारायला सांगून ते गाडीच्या मागं गेले आणि धुराकडं बघत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत न दिसलेलं काहीतरी होतं.

"बॅटरी ब्येस हाय. पांढरा धूर टाकतीया, म्हंजे डिझेल जातंय पण पेटत न्हाय. हीटर बघाय पायजेत."

त्या रविवारी आम्ही हीटर बघितले. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. थंडीत आतली हवा तापवायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर असतो, पेन्सिलीएवढा. मामांनी इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा यांचा दिवा तयार केला. चिमटा बॅटरीला लावायचा आणि वायरीचं टोक एकेका हीटरला टेकवायचं. दिवा लागला तर हीटर जिवंत. त्यांचे हात थोडे कापत होते, म्हणून टोक मी टेकवत होते. पहिला लागला. दुसरा लागला नाही. तिसराही नाही. चौथा लागला. दोन मेलेले हीटर माझ्या हातात देताना मामा इतके खूश होते की नवऱ्यानं आतून येऊन विचारलं, काय झालं.

नवे हीटर घातल्यावर गाडी सातआठऐवजी तीनचार वेळा सेल्फ मारल्यावर सुरू व्हायला लागली. मामांच्या दृष्टीनं काम झालं होतं. मला मात्र पटत नव्हतं. सेल्फ मारताना माझं लक्ष आरशात असायचं, आणि एक गोष्ट मला रोज दिसत होती. पहिल्या दोन वेळा सेल्फ मारला तर मागून धूर येतच नसे, पांढरा नाही की काळा नाही. तिसऱ्या वेळेपासून यायला लागे. मामा मागं जाऊन उभे राहीपर्यंत तो सुरू झालेला असे, म्हणून त्यांना दिसलं नव्हतं. हे सांगावं का, याचा मी दोन दिवस विचार केला. पन्नास वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला मराठीच्या शिक्षिकेनं काय सांगायचं.

शेवटी मी लिहायला लागले. शाळेतली टाचण वही असते, रोज काय शिकवणार ते लिहायची, तिच्या मागच्या पानांवर. वार, थंडी कमी की जास्त, गाडी कुठं उभी होती, किती वेळा सेल्फ मारला, धूर कधी आला. दहाबारा दिवस लिहिलं. मग एका संध्याकाळी पुन्हा सगळं वाचताना माझ्या ध्यानात आलं की शाळेतून निघताना गाडी एकदाही अडली नव्हती. पहिल्या सेल्फला सुरू. दुपारची ऊब म्हणावी, तर आमच्या शाळेत एकदा स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी मी अंधार पडेपर्यंत थांबले होते, चांगली थंडी वाजत होती, तरीही ती लगेच सुरू झाली होती. शाळेच्या आवारात उतार आहे. मी गाडी सरळ आत घालते, म्हणजे तिचं तोंड खाली असतं. आमच्या घराच्या दारात चढ आहे. तिथंही मी सरळ आत घालते, म्हणजे तोंड वर.

मी वही घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि मामांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि टीव्हीच्या उजेडात सगळी पानं वाचली, सावकाश, एकेका ओळीखाली बोट धरून. धुराच्या ओळीशी थांबले. मग मागची पानं उलटून पुन्हा बघितलं.

"हे आदी का सांगिटलं न्हाईस?"

मी खांदे उडवले. ते रागावले नव्हते. त्यांनी मला गाडी बाहेर काढून उलटी लावायला सांगितलं, आज रात्रभर तोंड खाली राहू दे म्हणून. आणि दुसरं काही करायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही. हीटरच्या वेळी आपण घाई केली, असंही म्हणाले. दोन हीटर मेलेले सापडले आणि आपण तिथंच थांबलो.

सकाळी चांगलंच धुकं होतं. मामा माझ्या आधी उठून स्वेटर, कानटोपी घालून दारात उभे होते. मी सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली, पहिल्याच वेळी. मामांनी बॉनेटवर हात ठेवून खात्री केली आणि मान हलवली.

"डिझेल मागं पळतंय," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला समजावून सांगितलं. टाकी गाडीच्या मागच्या बाजूला, इंजिन पुढं. पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. पाइपात कुठंतरी बारीकशी हवा शिरत असली आणि गाडीचं तोंड वर असलं, तर रात्रभरात पाइपातलं डिझेल हळूहळू परत टाकीत उतरतं. सकाळी पंपापाशी नुसती हवा असते. तेवढी हवा निघून डिझेल येईपर्यंत सेल्फ मारत बसायचं. तोवर धूर कुठला येणार. आणि ही गळती बाहेरून दिसत नाही, कारण तिथून थेंब पडत नाही, हवा आत ओढली जाते.

भोक शोधायला आमचे दोन रविवार गेले. फिल्टर आणि पंप यांच्यामधला काळा पाइप काढून मामांनी तिथं वीतभर पारदर्शक नळी घातली. इंजिन सुरू केल्यावर नळीतून पिवळसर डिझेल वाहताना दिसायला लागलं, आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे. ते बुडबुडे मामांना दिसत नव्हते, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेलं. मी सांगायचे, आहेत, आहेत, अजून आहेत. ते बोटावर ग्रीस घेऊन एकेका सांध्याला चोपडायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. ग्रीस लागलं की हवेची वाट तात्पुरती बंद होते. टाकीकडून येणाऱ्या पाइपाचा सांधा झाला, बुडबुडे होतेच. फिल्टरवरच्या छोट्या हातपंपाभोवती लावलं, तरी होते. मग फिल्टर वर जिथं बसतो त्या कडेला लावलं आणि नळीतलं डिझेल एकदम स्वच्छ झालं, मधाच्या धारेसारखं. मी हात वर केला.

इंजिन बंद करून मामांनी फिल्टर सोडवायला घेतला. तो निघाल्यावर वरच्या खाचेतली रबराची रिंग त्यांनी नखानं काढली आणि तळहातावर घेतली. ती चपटी झाली होती, प्लॅस्टिकच्या बांगडीसारखी कडक, आणि एका ठिकाणी केसाएवढी चिरली होती. ते तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, त्यांना चीर दिसत नाहीये, म्हणून मी बोट लावून दाखवली.

"दिसली," ते म्हणाले. "ही जुनी हाय."

"रबर आहे मामा, वाळणारच," मी तोंड त्यांच्याकडं करून सावकाश म्हटलं. एव्हाना ते माझे ओठ वाचायला शिकले होते.

"रबराचं काय चुकलं न्हाय. नव्या फिल्टरबरूबर नवी रिंग येती. ती खोक्यातच ऱ्हायली आसणार. मी जुनीच परत बसिवली."

फिल्टर त्यांनी स्वतः बदलला होता, दीड वर्षापूर्वी. या गाडीवर त्यांनी केलेलं ते शेवटचं काम. मी काहीतरी म्हणायला गेले, असं कुणाचंही होतं वगैरे, पण त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते पायरीवर बसले. रिंग हातातच होती.

"त्या दिवशी फिल्टर घालून गाडी चालू केल्ती. आत हवा जातीया म्हणून ती सांगत आसणार. रेस कमीजास्त होत आसणार. मला काय सुदीक ऐकू आलं न्हाय. गाडी चालू हाय का बंद, ते बी हात लावून बघाय लागलं." त्यांनी रिंग बोटांत फिरवली. "तवापास्नं मी बॉनेट उघडाय सोडलं."

मी त्यांच्या शेजारी खालच्या पायरीवर बसले. हाताला ग्रीस लागलेलं, ते कुठं पुसावं ते सुचेना. दीड वर्ष मी काय समजून बसले होते ते आता सांगितलंच पाहिजे, असं वाटलं. मी बोलले, पण त्यांना ते ओठांवरून कळलं नाही. मग वही घेतली आणि लिहिलं: मला वाटलं, मी गाडी घेतली म्हणून तुम्ही माझ्यावर नाराज आहात.

त्यांनी वही लांब धरून वाचलं. मग माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वर्गातल्या सर्वांत सोप्या प्रश्नाचं उत्तर चुकवलंय.

"नाराज आस्तो तर चावी खिळ्याला कशाला लावली आस्ती? जलमभर माझ्या खिशात हुती की ती."

ते खरं होतं. चावी त्यांच्या खिशात असायची आणि एके दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्यावर आली होती. मी ती घेऊन गेले होते आणि तिथं कशी आली याचा विचारसुद्धा केला नव्हता. मग ते म्हणाले, दुकान बंद व्हायच्या आत नवी रिंग घेऊन ये, आणि मी उठले.

नवी रिंग मी बसवली. बसवायच्या आधी ती डिझेलमध्ये बुडवून घ्यायची, म्हणजे पीळ पडत नाही. फिल्टर हातानंच आवळायचा, पान्यानं नाही. नंतर हातपंप दाबत राहायचं, आतली हवा निघून तो घट्ट लागेपर्यंत. मामा खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक पायरी मला दोनदा करायला लावत होते. पुढच्या शनिवारी गाडी रात्रभर दारात होती, तोंड वर करूनच. सहाला दहा मिनिटं कमी असताना मी चावी फिरवली आणि ती पहिल्या सेल्फला सुरू झाली. धूर जेमतेम. वहिनींचे कपडे दोरीवरच राहिले.

विकायचा विषय नवऱ्यानं परत काढला नाही. दोघी शिक्षिका परत माझ्याबरोबर यायला लागल्या. आणि संध्याकाळी टीव्हीसमोर दोन खुर्च्या लागायला लागल्या. मी वह्या तिथंच तपासते. मामा मधेच काहीतरी सांगतात, एखाद्या जुन्या इंजिनाचं, हुपरीच्या एखाद्या गिऱ्हाइकाचं, आणि मला काही विचारायचं असलं तर मी समोरच्या वहीच्या कडेला लिहून दाखवते. एका मुलाच्या निबंधाच्या समासात 'पंपाचं टायमिंग चुकलं तर काय होतं?' असं पेननं लिहिलेलं राहून गेलं होतं. त्यानं वर्गात उठून मला त्याचा अर्थ विचारला.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी मामा म्हणाले, मी पण येतो. सासूबाई गेल्यापासून ते गावाबाहेर पडले नव्हते. शिक्षिका मैत्रिणींना मागं बसवून मामांना पुढं घेतलं. शाळेत त्यांनी आमच्या शिपाईमामांबरोबर उन्हात बसून चहा घेतला. दोघांनाही बोलायची फारशी हौस नाही, त्यामुळं चांगलं जमलं. साडेअकराला निघालो. मैत्रिणींना बाजारात काम होतं, त्या मागं राहिल्या. ऊन काचेतून आत येत होतं आणि मामांना लगेच झोप लागली. मान खिडकीला टेकलेली, हात मांडीवर.

मुधाळ तिट्ट्याच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. ओव्हरटेक करायला जागा नव्हती. मी त्याच्या मागंमागं चालले, वेग कमी होत गेला, आणि चौथ्या गिअरमध्ये इंजिन हुंदके द्यायला लागलं. माझं लक्ष समोरून येणाऱ्या एसटीकडं होतं.

"तिसरा टाक," मामा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

मी तिसरा टाकला. गाडी सावरली. एसटी निघून गेली, ट्रॅक्टरवाल्यानं हात करून वाट दिली आणि आम्ही पुढं आलो. मामा पुन्हा झोपले होते. मी इस्पुर्लीपर्यंत त्यांना उठवलं नाही. तिथं त्यांना उसाचा रस प्यायचा होता.